कुलासोंचे पुढचे दात

“आ करा,” मी म्हणाले, आणि खुर्चीतल्या माणसानं आ केला.

वरचे पुढचे चारही दात हलत होते. आरशाच्या दांड्याचा नुसता धक्का लागला तरी मागेपुढे होत होते. हिरड्या लालबुंद, सुजलेल्या. खालचा ओठ बोटानं दुमडून पाहिला, तर आतल्या बाजूला अगदी मधोमध घट्टा. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडतो तसा. ओठाच्या आतला घट्टा मी तोवर कधी पाहिला नव्हता.

“तुम्ही तोंडानं काही वाजवता का?” मी विचारलं आणि आरसा बाहेर काढला.

“सॅक्सोफोन,” ते म्हणाले. “वरचे दात माऊथपीसवर टेकायचे, खालचा ओठ आत दुमडून गादीसारखा ठेवायचा. चाळीस वर्षं हेच केलं. दुसरं काय येत नाय मला.”

मी दिवा बाजूला केला आणि चेहरा नीट पाहिला. केस पांढरे झाले होते, गाल आत गेले होते, पण भुवया त्याच होत्या, कपाळावर चढलेल्या.

“तुम्ही बाझिल कुलासो!”

“तू दातांची डॉक्टर की पोलीस?” ते म्हणाले.

पुण्यात लष्कर भागात, ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत तेव्हा माझा दवाखाना होता. या गोष्टीला पंचवीसएक वर्षं होऊन गेली. कुलासो त्या दिवशी हलणारे दात घेऊन माझ्याकडे आले ते योगायोगानं. घराजवळचा दवाखाना, एवढंच. त्यांना मी कुठून माहीत असणार? मी मात्र त्यांना आधी तीनदा ऐकलेलं होतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शाळेत होते. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि तिच्या शेजारच्या बोर्डावर बसणाऱ्या कोरीन नावाच्या बाईंचं लग्न होतं, चर्चच्या हॉलमध्ये. नवरानवरी सगळ्यांदेखत एकमेकांना धरून नाचतात हे पाहून आई इतकी संकोचली की केकची बशी घेऊन भिंतीला चिकटूनच उभी राहिली. मग बँडमधला एक काटकुळा माणूस पुढे आला आणि त्यानं ते वाकडं पितळी वाद्य तोंडाला लावलं. आमच्या घरी पेटी होती, रेडिओ होता, पण असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात घसा बसलेल्या माणसासारखी खरखर होती. वरच्या सुराला जायच्या आधी तो डावा गुडघा किंचित वाकवायचा, पायरी चढताना वाकवतात तसा. “केवढ्यानं वाजवतात गं,” आई म्हणाली. पण तो थांबेपर्यंत तिनं केकचा घास घेतला नाही.

दुसऱ्यांदा ऐकलं ते मेन स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये. रविवारी सकाळी तिथं जॅम सेशन व्हायचं. मी डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाले होते, घरी सांगितलं नव्हतं, आणि एक कोल्ड कॉफी पुढे घेऊन कोपऱ्यात बसून राहिले होते. फळ्यावर बँडच्या मालकाचं नाव होतं. काटकुळा माणूस मागच्या रांगेत होता. त्याची पाळी आली की दोन पावलं पुढे यायचा, वाजवायचा, पुन्हा मागे जायचा. टाळ्या वाजायच्या तेव्हा मालक वाकून नमस्कार करायचा. मी वेटरला विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदा नाव कळलं. मग मी घरी जाऊन निकाल सांगितला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही, पण मला तो दिवस तसाच आठवतो.

तिसऱ्यांदा ऐकलं ते माझ्या दिराच्या वरातीत. तोवर रेस्टॉरंटांत कॅसेटी वाजू लागल्या होत्या आणि वाजवणारे घरी बसले होते. बँडवाल्यांच्या दुसऱ्या ओळीत, लाल कोटात आणि सोनेरी झालरीत, बाझिल कुलासो सिनेमाची गाणी वाजवत चालले होते. कोट त्यांच्या मापाचा नव्हता. कार्यालयाच्या दारात नवऱ्या मुलाला ओवाळायचं म्हणून बँड थांबवला. बाकीचे वाजवणारे पाणी प्यायला गेले. कुलासो बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून उभे राहिले आणि अगदी हळू, स्वतःपुरतं, काहीतरी वाजवू लागले. मी चार पावलं तिकडे गेले, तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. तबक माझ्या हातात होतं.

हे सगळं मी त्यांना त्या दिवशी दवाखान्यात सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, “तो कोट खाजकुयलीसारखा चावायचा. आता दाताचं सांग.”

दाताचं सांगणं सोपं होतं. एक्स-रेमध्ये हाड जवळजवळ उरलेलं नव्हतं. त्यात त्यांना मधुमेह. “चारही काढावे लागतील,” मी म्हणाले. “हिरड्या भरल्या की कवळी बसवू. जितकी लवकर काढू तितकं बरं.”

“मार्चनंतर काढ.”

“मार्चमध्ये काय आहे?”

त्यांनी खिशातून एक कागद काढून उलगडला. जाहिरातीचं पत्रक होतं. लष्करातल्या एका लहान सभागृहाचं नाव, आणि वर ठळक अक्षरांत ‘बाझिल कुलासो आणि त्यांचे साथी’. नोशीर म्हणून त्यांचा पियानो वाजवणारा जुना मित्र होता, त्यानं सगळं जमवून आणलं होतं.

“माझं नाव वर कधी आलं नाय, बाय,” ते म्हणाले. “ही पहिली वेळ. दात नंतर जाऊ देत.”

पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली. एस्पेरांसा तिचं नाव, सगळे एस्पी आंटी म्हणायचे. लहानखुरी, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात छत्री आणि पिशवी. खुर्चीत तिचा नवरा आ करून पडला होता आणि ती माझ्याशी बोलत होती.

“काढून टाक गो त्याचे दात. सकाळी उशीवर रक्त असतं. कार्यक्रम म्हणे! मला काय ठाऊक ह्याचे कार्यक्रम? मी एक तरी पाहिलाय काय?”

“एकही नाही?” मी विचारलं.

“हॉटेलात वाजवणाऱ्यांच्या बायका कुठे जायच्या पुढे बसायला? मुलगा लहान होता, सासू अंथरुणावर. मग मुलगा मस्कतला गेला, सासू वर गेली, तवर हॉटेलंच बंद. ह्याचं वाजवणं मी भिंतीपलीकडून ऐकलं. तेही वाद्याच्या तोंडात टॉवेल कोंबून. शेजारी ओरडतात ना.”

कुलासो तोंडात बोळे घेऊन काहीतरी म्हणाले.

“काय म्हणतो?” तिनं विचारलं.

मी बोळे काढले.

“मार्चमध्ये पहिल्या रांगेत बसवतो, म्हटलं,” कुलासो म्हणाले.

ती छत्रीची मूठ चोळत राहिली. “नवा फ्रॉक शिवावा लागेल,” ती म्हणाली, आणि नंतर दात काढण्याबद्दल काही बोलली नाही.

मी ते चार दात बारीक तारेनं मागून एकत्र बांधले, शेजारच्या घट्ट दातांना अडकवले, वरून दातांच्या रंगाचा मसाला लावला. असं बांधल्यावर दात काही दिवस तग धरतात. खाण्यापुरते नक्कीच. पण चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्यावर माऊथपीसचा भार पडायला लागला तर मी काहीच सांगू शकत नव्हते, आणि तसं त्यांना सांगितलंही.

“मग वरचा ओठ पण आत घेतो,” ते म्हणाले. “खालच्यासारखा. जुनी माणसं वाजवायची तसं. दाताचा भार ओठावर येईल.”

“जमेल?”

“शिकायला पाहिजे. पण कुठे? घरी टॉवेल. टॉवेल घालून काय कळणार?”

दवाखाना दुपारी बंद असायचा. माझ्या मदतनीस इंदूताई जेवायला घरी जायच्या आणि चारपर्यंत यायच्या नाहीत. मीही वर घरी जाऊन जरा आडवी व्हायचे. “दुपारी इथं या,” मी म्हणाले. “दारं लावून घ्या आणि वाजवा. दुखलं तर मी आहेच.”

म्हणून त्या हिवाळ्यात बऱ्याच दुपारी बाझिल कुलासो माझ्या दवाखान्यात वाजवत बसले. पेशंटच्या खुर्चीत नाही, माझ्या फिरत्या स्टुलावर. मी सुरुवातीला वर जायचे, मग डबा खालीच आणू लागले. पहिले काही दिवस ऐकवत नव्हतं. ओठ थकायचे, हवा सुटायची, फसफस आवाज यायचा. ते वाद्य मांडीवर ठेवून ओठ चोळायचे आणि स्वतःलाच शिव्या द्यायचे, अर्ध्या कोकणीत, अर्ध्या इंग्रजीत. मग मी पोळीभाजी पुढे सरकवायचे. ते भाजी खायचे आणि पोळी कडेनं तोडून चघळत बसायचे, पुढचे दात लागू नयेत म्हणून.

फेब्रुवारीत कधीतरी तो आवाज बसला. मी तोवर ऐकलेला कुलासोंचा आवाज तो नव्हताच. त्यातली खरखर गेली होती. मऊ होता, जवळचा होता, कुणी पाठीमागून येऊन हळूच काही सांगावं तसा. त्यांना स्वतःलाही नवल वाटलं.

“हे ऐकलंस?” ते म्हणाले. “दात चांगले असते तर हे मला कधी सापडलं नसतं.”

त्यानंतर दोनतीन दुपारी ते एकच एक काहीतरी वाजवत होते. थोडं पुढे जायचं, थांबायचं, मागे यायचं. मला वाटलं, जुनं काही आठवून पाहतायत. मग एका दुपारी त्यांनी ते न थांबता शेवटपर्यंत वाजवलं. मी डब्याचं झाकण लावत होते ते तसंच हातात राहिलं.

“हे कुणाचं?” मी विचारलं.

“माझं. आयुष्यभर दुसऱ्यांचंच वाजवलं. हे एक माझं.” त्यांनी दाराकडे पाहिलं, जणू बाहेर कुणी ऐकत असेल. “एस्पीसाठी केलं. तिला सांगू नको. मार्चला सगळ्यात शेवटी वाजवणार. नोशीरला पण सांगितलं नाय, नुसतं म्हटलंय की शेवटी तू गप्प बस, मी एकटा आहे.”

“लिहून ठेवलंय?”

“लिहिलं की मी ते लिहिल्याबरहुकूम वाजवणार. तिच्यासमोर एकदा वाजवू दे, मग लिहू.”

मी पुन्हा वाजवायला सांगितलं. त्यांनी वाजवलं. त्या महिन्यात मी ते कितीतरी वेळा ऐकलं असेल.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं नव्हतं, पण रिकामंही नव्हतं. लष्करातली जुनी गोवेकर मंडळी होती, काही पारशी म्हातारे, कॉलेजची मुलं. पहिल्या रांगेत मधोमध एस्पी आंटी बसली होती. नवा फ्रॉक निळा होता. हातात छत्री नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. कुलासोंनी मला मागे, पडद्याच्या कडेला उभं राहायला सांगितलं होतं. “डॉक्टर जवळ पाहिजे,” असं म्हणाले होते, हसत.

मध्यंतरापर्यंत त्यांनी सगळं दोन्ही ओठ आत घेऊन वाजवलं. जिथं जोर हवा तिथं नोशीरला पुढे करून स्वतः मागे राहिले. लोक खूश होते. मध्यंतरात ते विंगेत आले, खुर्चीवर बसले आणि आ केला. मी टॉर्च मारला. तार एका बाजूनं निसटली होती. हिरडीतून रक्त येत होतं.

“आता थांबा,” मी म्हणाले.

“अजून चार गाणी आहेत.”

“चार नाही व्हायची.”

“एक?”

मी पुन्हा पाहिलं. “ओठांनी, तुमच्या त्या मऊ पद्धतीनं, एक होईल. दात लावून अजिबात नाही. तसं केलंत तर तिथल्या तिथं हातात येतील.”

“एक पुरे,” ते म्हणाले. तोंड पुसलं आणि नोशीरला बोलावून सांगितलं, “मधली गाणी सोड. मी एकटा वाजवतो आणि संपवतो.”

नोशीरनं खांदे उडवले आणि पियानोपाशी जाऊन हात मांडीवर ठेवून बसला. कुलासो मधे आले. कुणी माइक जवळ आणला, तो त्यांनी लांब करायला लावला. त्यांनी माऊथपीसची पातळ पट्टी, रीड, जिभेनं ओली केली, डोळे मिटले. सभागृह शांत झालं. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून आवाज आला.

“बाझिल! आमच्या लग्नातला वॉल्ट्झ वाजव रे!”

एस्पी आंटी उभी राहिली होती. तिच्या हातून हे कसं झालं कुणास ठाऊक, इतक्या लोकांत ओरडून बोलणारी बाई नव्हती ती. बोलून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. लोक हसले, मग टाळ्या वाजवू लागले, मागून कुणी शिटी मारली. “वॉल्ट्झ! वॉल्ट्झ!” जुन्या मंडळींना तो ठाऊकच होता. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्यातले निम्मे त्या लग्नात नाचले असतील.

कुलासोंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही. तो वॉल्ट्झ मी दवाखान्यात एकदा त्यांच्याकडून ऐकलेला होता. तो मऊ वाजवायचा नाहीच. सगळा हॉल गोल फिरवायचा म्हणून तो वर वर चढत जातो.

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती अजून उभीच होती, तोंडावर हात, आणि हाताच्या वरून डोळे हसत होते.

त्यांनी वरचे दात माऊथपीसवर टेकवले.

तो आवाज मी चर्चच्या हॉलमध्ये ऐकलेला आवाज होता. नोशीर क्षणभर गोंधळला, मग धावत मागे लागल्यासारखा साथीला लागला. लोक बसल्याजागी डोलू लागले. मागच्या बाजूला एक म्हातारं जोडपं उठून नाचायला लागलं. एस्पी आंटी दोन्ही हातांनी ताल धरत होती आणि मोकळेपणी रडत होती, आनंदानं. मी मात्र कुलासोंच्या हनुवटीकडे बघत होते. शेवटच्या फेरीत वर जाताना त्यांचा गुडघा वाकला, सूर लागला, टिकला, आणि मग तुटला. त्यांनी वाद्य खाली घेतलं, रुमाल तोंडाला लावला आणि तसेच कमरेत वाकले. लोकांना वाटलं, गहिवरले. सगळं सभागृह उभं राहिलं.

ते विंगेत आले तेव्हा रुमालात दोन दात होते. तिसरा मी तिथंच काढला.

“चांगलं वाजलं ना?” त्यांनी विचारलं. बोलणं फसफसत होतं.

“वाजलं. पण ती धून? तुमची?”

“ती कुठे पळून जाते? कवळी बसव. मग एस्पीला एकटीला बसवून वाजवतो. बरंच झालं, गर्दीत नको ती.” बाहेर टाळ्या चालूच होत्या. ते उठले, रुमाल खिशात घातला, तोंड घट्ट मिटलं आणि पुन्हा नमस्कार करायला गेले.

उरलेला चौथा दात काढला आणि कवळी मी जिवापाड मेहनत करून केली. दिवाळीपर्यंत ती चारपाचदा घासून, बदलून नीट बसवली. मग एका दुपारी ते वाद्य घेऊन आले. स्टुलावर बसले, दोन्ही ओठ आत घेतले. ओठाला मागून घट्ट आधार लागतो. फुंकर घातली की कवळी सुटायची. एक सूर निघाला, तोही दुसऱ्याच कुणाचा तरी. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. पट्ट्याचा हुक सोडवला, माऊथपीस पुसलं, वाद्य पेटीत ठेवून कड्या लावल्या.

“अजून थोडी घासून बघू या,” मी म्हणाले.

“नको, बाय. कवळी झकास झालीय. मटण खातो. एस्पी खूश आहे.”

मी त्यांच्यासाठी चहा केला. आम्ही नोशीरबद्दल, मस्कतच्या मुलाबद्दल बोललो. ती धून नुसती गुणगुणून दाखवा, असं म्हणायचं मला त्या दुपारी सुचलं नाही. ते पुन्हा येतीलच, असंच वाटत होतं.

पुढच्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमाराला ते गेले. झोपेत, हृदयविकारानं. चर्चमध्ये नोशीरनं ऑर्गन वाजवला. शवपेटीत त्यांच्या तोंडात मी केलेली कवळी होती आणि चेहरा अगदी व्यवस्थित, अनोळखी दिसत होता.

त्यानंतर बरेच महिने गेले. एस्पी आंटी दाढ दुखते म्हणून आली. काळा फ्रॉक होता, हातात छत्री होती. दाढ किडली होती, मी साफ करून भरली. काम झाल्यावरही ती खुर्चीतून उठली नाही.

“नोशीर परवा आला होता,” ती म्हणाली. “बोलता बोलता म्हणाला, त्या दिवशी बाझिल शेवटी एकटा काहीतरी वाजवणार होता. नोशीरला ठाऊक नाय काय ते. मला पण नाय. तू तिथं मागे होतीस. तुला ठाऊक असेल.”

मी हातमोजे काढले. खोटं बोलता आलं असतं. पण इंदूताई बाहेर गेल्या होत्या, आम्ही दोघीच होतो, आणि ती माझ्याकडे सरळ पाहत होती.

“त्यांनी स्वतः एक धून केली होती, आंटी. तुमच्यासाठी. इथं बसून केली, दुपारी.”

“माझ्यासाठी,” ती म्हणाली. छत्री मांडीवर आडवी घेतली. “मग वाजवली का नाय?”

मी वळून हात धुऊ लागले. धुतलेलेच होते. नळाच्या आवाजातून तिचं बोलणं ऐकू आलं.

“मी मध्येच ओरडले म्हणून.”

“दात तसेही जाणारच होते,” मी म्हणाले.

“दाताचं नाय विचारलं मी.”

मी नळ बंद केला.

ती रडली नाही. पिशवीचे बंद एकमेकांत घालत, काढत राहिली. “मला वाटलं, तो घाबरलाय,” ती म्हणाली. “एकटाच उभा होता मधे, डोळे मिटून. मला वाटलं, ह्याला काय वाजवू सुचत नाय. म्हणून म्हटलं, आमचं ते वाजव. ते त्याला झोपेत पण येतं.”

मी स्टुलावर बसले.

“कशी होती?” तिनं विचारलं.

“हळू होती. खालच्या सुरांत सुरू व्हायची. मग जरा वर जाऊन...”

“असं नको सांगू. म्हणून दाखव.”

“मला गाता येत नाही, आंटी.”

“मला पण नाय येत. म्हण.”

मी डोळे मिटले. मला सगळं दिसत होतं. जाळीतून आलेलं ऊन, त्यांच्या बुटाची सैल नाडी, वाद्यावर फिरणारी बोटं, ओठ आत घेतल्यामुळे म्हातारा झालेला चेहरा. जगात ती धून ऐकलेली मी एकटीच होते, आणि कितीतरी वेळा ऐकलेली. मी सुरुवात केली. पहिले तीनचार सूर बरोबर आले असावेत. पुढचा यायला थोडा वेळ लागला, पण आला, आणि मग त्याच्यामागून भराभर पुढचे आले. मला हायसं वाटलं. मी आवाज जरा मोकळा सोडला.

“ही ती नाय,” एस्पी आंटी म्हणाली. “हा आमचा वॉल्ट्झ.”

मी डोळे उघडले. खरंच होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच पोचले. तिसऱ्यांदा तर पहिले सूरही सापडेनात. कुठूनही निघाले तरी तो वॉल्ट्झ मध्ये यायचा.

“गेली,” मी म्हणाले. “आंटी, मला आठवत नाही.”

ती खुर्चीत मागे टेकली. वरचा दिवा चालू राहिला होता, तो तिच्या डोळ्यांवर येत होता म्हणून मी बंद केला.

“असू दे,” ती म्हणाली. “तोच म्हण. शेवटपर्यंत म्हण.”

मी म्हणू लागले. आवाज फाटत होता, वरचे सूर मला लागत नव्हते. बाहेर इंदूताई आल्या असाव्यात, बाक सरकवल्याचा आवाज झाला. एस्पी आंटी डोळे मिटून ऐकत होती. शेवटची फेरी सुरू झाली तसा तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“इथं तो थांबायचा,” ती म्हणाली. “श्वास घ्यायला.”

मी थांबले.